चार हात जमीन

गेल्या वर्षी श्रावणात आम्ही ताम्हिणीला गेलो होतो. धबधब्यापाशी जो तो फोटो काढत होता, मलाही हौस आली. दगडावर उभी राहायला गेले आणि पाय सरकला. ह्यांनी मला सावरलं, पण स्वतः पडले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, डाव्या हाताने चमच्याने जेवण.

दगडावर शेवाळ होतं. शेवाळ म्हणजे अनंत जीवांचं घर, हे मी लहानपणी पाठशाळेत घोकलेलं. त्यावरच पाय देऊन फोटोला उभी राहिले! ह्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ते जास्त लागलं.

या चातुर्मासात मी देशव्रत घेतलं. चार महिने पुण्याची हद्द ओलांडायची नाही. बहिणींना वाटलं, ताई फारच धार्मिक झाली. खरं सांगायचं तर त्यात निम्मी भीतीच होती. भाद्रपदात त्या बुकिंग करून कासला गेल्या. इकडे माझं दशलक्षण पर्वातलं एकाशन, आणि मोबाइलवर एकामागून एक फुलांचे गालिचे. जीव चुटपुटला, खोटं कशाला बोलू?

पण तोवर आमचं वेगळंच काही सुरू झालं होतं. आषाढात एका सकाळी हे म्हणाले होते, "वेताळ टेकडी तर हद्दीतच आहे ना?"

साधूंनी चार हात पुढची जमीन पाहून चालावं, ही ईर्यासमिती. आपल्या प्रपंचातल्या माणसांना ती कुठली जमायला! पण पावसात पायवाटेवर गोगलगाई, गांडुळं आणि वेटोळं करून पडलेले पैसे. (बी.कॉम. होऊनही पैशाकडे इतकं निरखून मी कधी पाहिलं नव्हतं.) हिरव्यावर पाय द्यायचा नाही म्हणून मळलेल्या वाटेनेच जायचं. मान खाली, पावलं सावकाश. मागचे लोक "आजी, जरा बाजूला" म्हणत पुढे जायचे.

आणि मान खाली होती म्हणूनच दिसलं. काळ्या मुसळीचं फूल जमिनीला इतकं टेकलेलं असतं की ताठ मानेने चालणाऱ्याला ते दिसायचंच नाही. सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. केन्याचं निळं फूल सकाळी टवटवीत, दुपारी मिटलेलं. खडकावर बोटभर माती, तिच्यात नभाळी. पुढे तेरडा, मग कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. नावं मला येत नव्हती. घरी येऊन पुस्तकात शोधायची आणि वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर तारखेसह लिहायची. जमाखर्चाची सवय जात नाही.

ह्यांचं लक्ष वर. चातक आला की ह्यांना आवाजावरूनच कळतं. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो म्हणे एवढासा पक्षी, आणि मी शहराची हद्द ओलांडत नव्हते. मोर ओरडला की दोघंही थांबायचो. बोलणं फारसं नसायचं. मनगटाबद्दल तर नाहीच.

उन्हाळ्याच्या तोंडाला टेकडी अगदी वेगळी असते. काटेसावर, पळस फुलतात, पळसमैनांचा कलकलाट असतो. गिरिपुष्पाच्या गुलाबी बहराने आख्खा उतार रंगतो. बाहेरचं झाड म्हणून ह्यांना ते आवडत नाही. मला आवडतं, झाडाला काय माहीत तो कुठला ते!

दिवाळीनंतर व्रत पूर्ण झालं. एका पहाटे हे म्हणाले, "कवडीला चक्रवाक आले असतील." हद्दीबाहेर म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, पण निघाले. कवडीपाटला नदीच्या पाण्यावर फेस, काठाला प्लास्टिक, नाकाला पदर लावावा असा वास. आपल्याच शहराची घाण, दुसऱ्या कोणाला बोलणार? त्याच पाण्यात केशरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने निवांत पोहत होते.

ह्यांनी दुर्बीण उचलली. थंडीत मनगट अजून दुखतं, हात थरथरला. "त्या दिवशी मी ऐकलं नाही तुमचं," मी म्हटलं. सव्वा वर्षाने.

"दुर्बीण धर," हे म्हणाले, "डाव्या बाजूला, बंधाऱ्यापाशी."

मी ती दोन्ही हातांनी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मला काहीच दिसत नव्हतं. ते मोजत होते, सहा, सात, आठ.