शाहूपुरीतला गठ्ठा

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कोल्हापुरात उतरलेला मुंबईकर सहसा तीन ठिकाणी जातो: अंबाबाईच्या देवळात, रंकाळ्यावर आणि मिसळीच्या दुकानात. या खेपेस मी त्यांतली मिसळ तेवढी उरकली आणि सरळ शाहूपुरी गाठली. तेथे एका गल्लीत एका साप्ताहिकाची कचेरी आहे. कचेरी कसली, संपादकांच्या घराची पुढची खोलीच ती! माझे वडील तरुणपणी येथे मुद्रिते तपाशीत. त्यांची पहिली बातमी याच साप्ताहिकात छापून आली होती. ती पाहावी म्हणून मी आलो होतो.

"बसा की. च्या घेणार न्हवं?" संपादकांनी खुर्चीवरचे कागद उचलले. गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. खिळे जुळविणारे जुळारी गेले, ट्रेडल यंत्र भंगारात गेले. आता दुसऱ्याच्या छापखान्यातून महिन्यातून दोनदा चार पाने निघतात, तीही निघाली तर. दुकानदारांची जाहिरात मोबाइलवर गेली आणि वर्गणीदार एकेक करून वर गेले.

तसे कोल्हापूर हे वर्तमानपत्रांचे गाव. 1920 साली मुंबईत डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, त्याला अडीच हजार रुपये दिले ते येथल्या शाहू महाराजांनी. 1 जानेवारी 1939 रोजी ग. गो. जाधवांचे 'पुढारी' दैनिक म्हणून सुरू झाले आणि पुढे मोठे झाले. मोठ्यांचे ठीक चालले आहे. मला काळजी वाटते ती गुळाचे भाव, तालमीतल्या कुस्त्या आणि तुंबलेली गटारे छापणाऱ्या चार पानांची.

कोणी म्हणेल, गावची बातमी बाहेरचाही देईल. देईल हो, पण 1882 साली काय झाले? कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो, असे पुण्याहून टिळक-आगरकरांनी लिहिले. कारभारी माधवराव बर्वे यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांवर भिस्त होती ती खोटी ठरली आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ते अक्षर ओळखणारा गावातला निर्भय संपादक जवळ असता तर, असे आपले मला वाटते.

"फायली कुठं ठेवल्यात?" मी विचारले.

अण्णा गप्प झाले. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची खूण 43 फुटांवर; पाणी 55 फुटांच्या वर गेले. शाहूपुरीत घराघरांत शिरले. फायली खालच्या कपाटात होत्या. रद्दीवाला दुसऱ्याच आठवड्यात दारात उभा राहिला, तेव्हा त्याला परत पाठविले ते त्यांच्या नातीने. तिने पंख्याखाली, उन्हात नव्हे, पाने वाळविली. मध्ये टीपकागद घातले. आता सुटीच्या दिवशी ती एकेका पानाचा फोटो काढते आणि वहीत तारीख मांडते. कॉलेजात कोणी शिकविले नाही, पैसे कोणी देत नाही.

"आबा, हात लावू नका की! कोपरा निघंल."

मी साल सांगितले. तिने वहीत बोट फिरविले आणि पलंगाखालून एक गठ्ठा ओढला. त्याची चक्क वीट झाली होती. चाकूच्या बोथट पात्याने तिने कड सोडवायला घेतली. दुपारपर्यंत नऊ पाने सुटली. त्यांत एक नगरपालिकेची सभा, एक हरवलेली म्हैस, खासबागेतल्या कुस्त्यांचे निकाल. वडिलांची बातमी अजून त्या विटेतच होती.

"ऱ्हाऊ द्या, दिवाळीनंतर बघू," अण्णा म्हणाले. वीट मी मागितली असती तर त्यांनी दिली असती, म्हणूनच मागितली नाही. एका वर्षाची वर्गणी पुढे केली. त्यांनी चष्मा शोधला, पावतीपुस्तक शोधले, कार्बन नीट बसविला. पावतीवर क्रमांक पडला 3.

"अंक निघाला की लावून देतो," असे तोंडाने म्हणाले. आणि नात वहीत आजची नऊ पाने मांडू लागली.