घाटाआधीची गोळी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून जगदलपूरला निघणाऱ्या मराठी घरात शिदोरीबरोबर एक लहानशी गोळीही आठवणीने घेतली जाते. वाटेत केशकालचा घाट असतो, ‘बारा भांवर’ म्हणून ओळखला जाणारा. मराठीत ‘गाडी लागते’ असे म्हणतात, जणू दृष्ट लागावी तशी! प्रत्यक्षात अंतःकर्ण हालचालीची वर्दी देतो आणि मोबाईलवर खिळलेले डोळे स्थिरतेची. या विसंवादातून मळमळ उद्भवते.

या गोळीचा शोध अपघातानेच लागला. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवतीला डायमेनहायड्रिनेट देत होते. तिला आजवर ट्राम लागत असे. औषध घेतल्यावर ती लागेनाशी झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या जहाजावरील सैनिकांवर औषधाची परीक्षा झाली.

भारतात याच कुळातील प्रोमेथाझिन अधिक परिचित आहे. ही जुनी औषधे रक्तातून मेंदूत शिरतात, म्हणूनच मळमळ थांबवतात, आणि म्हणूनच झोपही आणतात. मेंदूत फारशी न शिरणारी फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधे गाडी लागण्यावर निरुपयोगी ठरतात. तेव्हा ही गुंगी गोळीच्या गुणाचेच दुसरे अंग आहे. ती घेऊन वाहन चालवणे धोक्याचे. सोबत मद्य तर मुळीच नको. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही याच जातीचे घटक असतात, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.

आजीच्या गोळीचा तुकडा मोडून तान्ह्याला देण्याची रीत मात्र साफ मोडली पाहिजे. दोन वर्षांखालील मुलात प्रोमेथाझिनने श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. वृद्धांत त्याने भ्रम होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब चढतो. अशांनी, तसेच गर्भवतींनी, आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळी घ्यायची ती निघण्यापूर्वी. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते, गोळी पुढे सरकत नाही, उलटीबरोबर बाहेरही पडते.

चालकाला सहसा गाडी लागत नाही. वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला ते ठाऊक असते. पुढच्या आसनावर बसून दूरवर रस्त्याकडे पाहणाऱ्या प्रवाशालाही त्यातला थोडा लाभ मिळतो, तोही गुंगीवाचून.