बंद इंजिन

माझी धाकटी बहीण शारजाला असते. २०२२च्या डिसेंबरात ती सुट्टीसाठी कोल्हापूरला आली, तेव्हा भाच्यानं सोबत रिमोटची गाडी आणली होती. बॅटरीवरची नव्हे, खऱ्या इंजिनाची. अडीच सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तळहातावर मावेल एवढं. तिचं इंधन विमानातून आणता येत नाही, म्हणून मी ते पुण्याहून मिळवलं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि त्यातच मिसळलेलं ऑइल.

अब्बांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं स्कूटर आणि मोटारसायकली दुरुस्त केल्या. गॅरेज बंद झाल्यापासून ते फारसं बोलत नसत. नमाज, औषधं आणि दारातली खुर्ची. ही गाडी पाहिली आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"स्पार्क किधर है इसमें?"

"स्पार्क नहीं है, नाना," भाचा म्हणाला. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना ती छोट्या बॅटरीनं तापवायची. मग बॅटरी काढली तरी आतल्या उष्णतेनं आणि मिथेनॉलच्या वाफेमुळं तार लाल राहते. स्कूटरचं इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. हे तीस हजारांच्या आसपास जातं. अब्बा बराच वेळ तो प्लग बोटात धरून बसले. त्या दिवशी जेवताना ते बोलले, म्हणून अम्मीसुद्धा खूश होती.

दुसऱ्याच दिवशी मैदानावर गाडी दगडी कट्ट्यावर आदळली, उलटी झाली आणि बंद पडली. पुढच्या चाकाचा दांडा मोडला. घरी अम्मी म्हणाली, "इत्ते पैसों का खिलौना, दो दिन में तोडा!" पोरगं काही बोललं नाही.

तिसरा दिवस जुम्म्याचा. अब्बा आणि भाचा लवकर मशिदीत गेले. मी मागं राहिलो. म्हटलं, ते यायच्या आत गाडी सुरू करून ठेवू. स्टार्टरची दोरी ओढली, ती अडकली. गाडी उलटी पडली तेव्हा टाकीतलं इंधन इंजिनात उतरलं होतं. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर जाणार कसा? मी प्लग काढला, फिल्टर काढला, इंधन पुसून घेतलं, प्लग लावला आणि अंगणातल्या मुरमावरच गाडी सुरू केली. फिल्टर लावायचा राहिला. इंजिन किंचाळायला लागलं, आवाज खाली येईना. चाकं गरगर फिरत होती, धूळ उडत होती. मिनिटभरानं इंधनाची नळी चिमटून मी ते बंद केलं. फिल्टर लावला, हात धुतले आणि धावत नमाजला गेलो. कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी अब्बांनी गाडी मागितली. ज्या दोरीला मी आधी हात घातला, तिला त्यांनी हातही लावला नाही. आधी प्लग काढला, उजेडात धरला. तार शाबूत. मग बोटानं फ्लायव्हील सावकाश फिरवलं. या इंजिनाच्या पिस्टनला रिंग नसते. आतली स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, म्हणून इंजिन थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला अडखळायला हवा. इथं तो सहज निसटत होता आणि बोटाला किरकिर लागत होती. मागचं झाकण उघडलं. कनेक्टिंग रॉड सरळ होता, पण ऑइलमध्ये तांबूस गाळ. स्लीव्ह बाहेर काढली, तर तिच्यावर उभे ओरखडे.

"ठोकी तब इंजन बंद हुआ?" अब्बांनी विचारलं.

"वहीं के वहीं, नाना."

"फिल्टर?"

"लगा हुआ था."

अब्बांनी स्लीव्ह फडक्यावर ठेवली. टकरीनं दोनच गोष्टी बिघडल्या होत्या, चाकाचा दांडा आणि कार्बोरेटरची वाकलेली तार. त्या तारेमुळंच आवाज खाली येत नव्हता. "बंद इंजन मिट्टी नहीं खाता," ते म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

मला सांगावंच लागलं.

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी नुसता हात पुसला. "बच्चे ने खाली ठोका. इंजन तू मारा. जा, अम्मी को जाके बोल."

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला ते सांगितलं. बहीण पोळ्या लाटत होती, तीही ऐकत होती. भाचा दारात उभा होता. दोन दिवस खाली घातलेली मान त्यानं वर केली. ठेच लागून पडायला एक क्षण पुरतो. मोडलेलं लपवायची आणि घाईनं सावरायची घाई जे करते, ते त्याहून जास्त असतं.

उन्हाळ्यात शारजाहून नवा पिस्टन-स्लीव्हचा जोड आला. अब्बांची बोटं थरथरत होती, म्हणून ते सांगत गेले आणि मी जोडत गेलो. भाचा फोनवरून बघत होता. पहिल्या दोन-तीन टाक्या इंधन जास्त सोडून, सावकाश चालवायच्या. दिवसाचं काम संपलं की प्लग काढून आत ऑइलचे दोन-चार थेंब टाकायचे, कारण मिथेनॉल ओल ओढून घेतं आणि बेअरिंग गंजतात. सगळं जोडून झालं. मी दोरीकडं हात नेला.

फोनमधून आवाज आला, "मामू, पहले फिल्टर!"

अब्बा हसले.