मुकी झालेली करवत

यंत्र चालत असते तोपर्यंत त्याच्या अंतरंगाची चौकशी कोणी करीत नाही. ते बंद पडले की मात्र ज्याला त्याला त्यातले सारे कळू लागते! बेळगावच्या मातीत तर ही हौस जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच शहरात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथेच आकारास आले, आणि १९१० साली तो उद्योग कुंडलला गेला. आमच्या मामांची उमेदीची वर्षेही बेळगावातील एका कारखान्यात लेथवर गेली. म्हणूनच बंद पडलेल्या यंत्रापुढे ते घाई करीत नाहीत.

गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातील आमच्या आजोळी वादळाने परसातला जुना फणस उन्मळून गोठ्याच्या दारावर आडवा झाला. आत दिवस भरलेली म्हैस होती. छप्पर शाबूत होते, पण दार उघडेना, आणि पावसाने एका बाजूची मातीची भिंत फुगत चालली होती. मामांनी शेजारगावाहून यांत्रिक करवत आणविली. (गावात तिला नुसते 'मशीन' म्हणतात.) आम्हां मुलांना दूर ओट्यावर बसविण्यात आले, आणि ते योग्यच होते, ती साखळी फिरू लागली म्हणजे जवळ कोणाचे काम नाही. फांद्या भराभर उतरल्या. परंतु खोडाला पाते लागल्यावर थोड्याच वेळात यंत्राचा सूर बारीक झाला, ते गुदमरले आणि थांबले. दोरी ओढली, पुन्हा ओढली. उत्तर नाही.

मंडळींनी सल्ले सुरू केले. एक म्हणाले, "चोक लावून ओढा." दुसऱ्यांनी कार्बोरेटर गेल्याचे जाहीर करून बेळगावची वाट दाखविली. मामा म्हणाले, "थांबा हो, आधी त्याला काय हवंय ते विचारू या."

या यंत्राला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. त्याच्या इंजिनात वंगणाची निराळी टाकी नसते. पेट्रोलातच तेल मिसळावे लागते, चांगले तेल असेल तर बहुधा एका लिटरला वीस मिलिलिटर. मिश्रण बरोबर होते. हवेची गाळणी मामांनी झटकून पाहिली; ती स्वच्छ होती. मग त्यांनी प्लग काढला. तो कोरडा ठणठणीत! ओला असता तर पेट्रोल जास्त झाले असे ठरले असते, आणि मग चोक लावून ओढणे म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजणेच. टाकी घट्ट बंद असल्याची खात्री करून, प्लग त्याच्या भोकापासून दूर यंत्राच्या धातूला टेकवून त्यांनी दोरी ओढविली. निळी ठिणगी उडाली. तापल्यावर दगा देणारी इग्निशनची कॉइलही या प्रकरणातून सुटली, कारण यंत्र अजून गरम होते. म्हणजे पेट्रोलच पोहोचत नव्हते.

एव्हाना चार वाजत आले होते आणि भिंतीचा एक लपका सुटून पडला. मामी दारातून काही न बोलता पाहत होत्या. मामांनी यंत्र हाताला सोसेल इतके निवू दिले आणि तसेच सुरू करून पाहिले, चालेना. मग हळूच टाकीचे झाकण सैल केले. बारीक सुस्कारा टाकून हवा आत शिरली. झाकण लावले, दोरी ओढली, आणि करवत गर्जू लागली!

झाकणातील श्वासछिद्र भुसा आणि तेल यांनी बुजले होते. पेट्रोल खर्च होई तसतशी टाकीत पोकळी वाढे आणि शेवटी इंजिनाकडे थेंबही जाईनासा होई. मामांनी झाकण पेट्रोलात धुऊन छिद्र मोकळे केले. खोड दोन ठिकाणी कापले, ओंडका बाजूस लोटला आणि दार उघडले. म्हैस एका कोपऱ्यात रवंथ करीत उभी होती. बाहेरच्या आरड्याओरड्याचे तिला काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी ती व्याली. पारडी झाली.

करवत परत पाठविताना मामांनी उरलेले पेट्रोल काढून घेतले, गाळणी धुतली, आणि मालकाला सांगायला गड्याजवळ निरोप दिला, "कार्बोरेटर बदलू नका म्हणावं, झाकण तेवढं पुसत जा." गड्याने तो निरोप कितपत पोहोचविला, देव जाणे.