झाडपाल्यांतील गुण

यंदा दहावीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, झाडपाल्यांत गुण मुळांतच असतो, तर शास्त्रज्ञ त्यांत फेरफार कशाला करतात?" लहानपणीं हिवतापाच्या थंडीनें चार चार गोधड्यांखालीं कुडकुडलेल्या माणसास हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा वाटत नाहीं.

१९६९ सालीं चीन देशांत श्रीमती तू यूयू ह्या विदुषींकडे हिवतापावर औषध शोधण्याचें काम आलें. जुने दोन हजारांवर पाठ चाळून त्यांनीं अनेक वनस्पति पारखल्या. त्यांत छिंगहाव नांवाची एक होती. ही आपल्या दवण्याच्याच वंशांतली. तिचा अर्क कधीं लागू पडे, कधीं पडत नसे. चौथ्या शतकांतील गे हुंग ह्यांच्या ग्रंथांत मात्र हा पाला पाण्यांत भिजवून पिळावा असें लिहिलें आहे. उकळावा असें नाहीं. उष्णतेनें तर गुण जात नसेल ना? म्हणून त्यांनीं अल्प उष्णतेवर उकळणाऱ्या ईथरानें अर्क काढला, व ४ ऑक्टोबर १९७१ रोजीं तो हिवताप झालेल्या उंदरांवर पूर्ण गुणकारी ठरला. पुढल्या वर्षीं रोग्यांस देण्यापूर्वीं त्यांनीं व दोघां सहकाऱ्यांनीं तो स्वतः घेऊन पाहिला. मला ह्या हकीकतींत हेंच सर्वांत मोठें वाटतें.

१९७२ सालींच आर्टेमिसिनिन हें शुद्ध द्रव्य हातीं आलें. परंतु तें पाण्यांत विरघळेना, तेलांतहि नीट विरघळेना. मग बेशुद्ध रोग्याच्या शिरेंत घालावें कसें? १९७३ सालीं त्याची रचना पडताळण्यासाठीं केलेल्या क्रियेंतून एक नवें द्रव्य निघालें, तें मूळ द्रव्याहूनहि प्रभावी! त्यापासूनच पुढें शिरेंत टोंचतां येणारें आर्टेसुनेट तयार झालें. उलटपक्षीं, रेणूंतील प्राणवायूच्या दोन अणूंचा जोड मोडला कीं गुण पार नाहींसा होतो. गुणाचें बीज कोठें आहे हें झाड आपण होऊन सांगत नाहीं. एकेक फेरफार करून विचारावें लागतें.

कोयनेलहि झाडाच्या सालींतलेंच, आणि त्याचे उपकार थोर आहेत. तथापि आफ्रिकेंतील नऊ देशांत गंभीर हिवतापाच्या ५,४२५ मुलांवर दोन्हीं औषधांची तुलना झाली व तिचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. कोयनेल दिलेल्यांपैकीं शेंकडा १०.९ मुलें दगावलीं, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकीं ८.५, म्हणजे हजारीं चोवीस मुलें अधिक वांचलीं.