कुणी सांगितलंच नाही

मी अमेरिकेत डॉक्टर आहे. इथे बहुतेक रुग्णालयांचं 'पेशंट पोर्टल' असतं. मोबाईलवर रिपोर्ट दिसतात, औषधं पुन्हा मागवता येतात, डॉक्टरांना निरोप पाठवता येतो.

माझ्याकडे एक कृष्णवर्णीय आजी येतात, मधुमेहाच्या. लघवीतून प्रथिनं जात असल्याचा त्यांचा रिपोर्ट चार महिने त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. "पोर्टल का नाही वापरत?" मी विचारलं. फोनवर नातवाचे फोटो दाखवता दाखवता त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही."

सांगणं माझं काम होतं. त्यांना जमणार नाही, असं मीच गृहीत धरलं होतं.

इथल्या पाहण्यांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्ण पोर्टल कमी वापरताना दिसतात. इंटरनेट, भाषा, अविश्वास ही कारणं आहेतच. पण मुळात त्यांना पोर्टलबद्दल सांगितलंच कमी जातं. ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्यात हा फरक बराच घटतो.

तुम्ही किंवा तुमचे आईवडील इथे उपचार घेत असाल, तर स्वतःहून विचारा. त्यांच्या संमतीने त्यांचे रिपोर्ट बहुतेक ठिकाणी तुम्हालाही पाहता येतात. आणि तुम्ही डॉक्टर असाल, तर प्रत्येकाला सांगा. चेहरा बघून ठरवू नका.