जाळीच्या खाली पाहा

मेलबर्नमध्ये दिवाळी वसंत ऋतूत येते. हिवाळाभर आच्छादनाखाली झाकलेले गॅस बार्बेक्यू याच दिवसांत अंगणात ओढले जातात आणि आम्हा गॅसफिटरांचे फोन वाजू लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी असते. पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली असतात. तक्रार बहुतेकांची एकच: जाळी घासून लख्ख केली, तरी बर्नर नीट पेटत नाही. जाळी घासली हे उत्तमच झालं. पण बिघाड आणि धोका, दोन्ही जाळीच्या खाली असतात.

जाळी आणि तवा उचलला की बर्नरच्या नळ्या दिसतात. नळीचं एक टोक नॉबमागच्या जेटवर, म्हणजे गॅसच्या बारीक तोटीवर, नुसतं चढवलेलं असतं. जेटमधून गॅस वेगाने नळीत शिरतो आणि टोकाशी असलेल्या झरोक्यातून बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी आणि ताठ राहते. कमी पडली की ती पिवळी, लांबट होते आणि काजळी धरते.

ही नळी कोळ्यांना फार आवडते. अंधारी, कोरडी, वाऱ्यापासून सुरक्षित जागा त्यांना हवीच असते. शिवाय घरगुती गॅसला मिसळलेल्या वासाकडे काही कोळी ओढले जातात असंही मानतात. 2011 साली माझदा कंपनीने अमेरिकेत हजारो मोटारी परत बोलावल्या, त्या इंधनटाकीच्या हवानळीत एका जातीचा कोळी जाळं विणतो म्हणून. बार्बेक्यूच्या नळीत जळमट झालं की गॅसची वाट अडते, तो उलटा झरोक्यातून बाहेर पडतो आणि नॉबच्या मागेच पेट घेतो. नॉब वितळतात; आच रबरी नळीपर्यंत पोहोचली तर प्रसंग गंभीर होतो.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सिलिंडर बंद करून, सगळं थंड असताना, बर्नर काढाच. हातमोजे घाला, कारण पाठीवर लाल पट्टा असलेला विषारी रेडबॅक कोळीही अशाच सांदीकोपऱ्यात राहतो. नळीत लांब, लवचीक ब्रश आरपार फिरवा. वरची भोकं आडवा ब्रश मारून मोकळी करा. बुजलेलं भोक बारीक तारेने टोचा. टूथपिक वापरू नका, ती आत मोडून बसते. बर्नर परत बसवताना नळीचं तोंड जेटवर बरोबर चढलं आहे ना, हे वाकून डोळ्यांनी पाहा. ते जेटच्या बाजूला राहिलं तर गॅस नळीत न जाता पेटीत साठतो.

दुसरी जागा चरबीच्या ट्रेची. आपल्या घरांत दही-तेलात मुरवलेलं चिकन, मटणाच्या चॉप्स, तेल लावलेली कणसं असं सगळं एकाच जाळीवर होतं आणि ओघळ खाली जातो. ट्रे तुडुंब असला की एखाद्या दुपारी तोच पेटतो. अशा आगीवर पाणी कधीही टाकू नका, पेटती चरबी उडते. हात सुरक्षित पोहोचत असेल तर गॅस बंद करा, झाकण मिटलेलं राहू द्या, लांब व्हा आणि आवरत नसेल तर 000 फिरवा. स्वच्छता सोपी व्हावी म्हणून तळाला फॉइल अंथरणारे पुष्कळ आहेत. त्याच्या घड्यांत चरबी साचते, हवेची भोकं झाकली जातात. मला ही सवय अजिबात पसंत नाही.

जाळीचं काम थोडकं. स्वयंपाक संपला की दहाएक मिनिटं आच मोठी ठेवा, चिकटलेलं जळून सुटतं. मग जाळी कोमट असताना घासा. तारेचा ब्रश झडू लागला असेल तर फेकून द्या. त्याची तार अन्नातून घशात अडकल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. बिडाच्या जाळीला तेलाचा पातळ हात द्या. लिंबू-मिठाचं वाटण तिच्यावर रात्रभर राहिलं तर गंज चढतो.

शेवटी गळती. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे गळलेला गॅस वर न जाता जमिनीलगत साचतो. भांड्यांचा साबण पाण्यात कालवा, नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि रबरी नळी, रेग्युलेटर, सांधे यांवर फेस लावा. बुडबुडे फुगले की सिलिंडर लगेच बंद करा आणि परवानाधारक गॅसफिटरला बोलवा. टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. सिलिंडरवरचा तपासणीचा शिक्काही पाहा. ऑस्ट्रेलियात तो दहा वर्षांहून जुना असेल तर सिलिंडर भरून मिळत नाही. आणि पेटवताना झाकण नेहमी उघडं ठेवा. पहिल्या प्रयत्नात पेटलं नाही, तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा.